काळीज म्हणजे लिव्हर

निजामाच्या जुन्या राजधानीत, आमच्या शहरातल्या हिमायतनगरला तेव्हा नुकतंच एक स्कॅन सेंटर उघडलं होतं. काचेचं दार, थंडगार एसी, परदेशातून आलेलं मशीन... चपला बाहेर काढून आत जायचं. नव्वदीची मधली वर्षं होती. शहरात रोज काहीतरी नवं येत होतं आणि आम्हाला त्याचं कौतुक होतं.

एका सकाळी आईला उपाशीपोटी तिथे घेऊन गेले. लिव्हरची सोनोग्राफी करायची होती.

तिला लिव्हरचं काही झालेलं नव्हतं. हे सगळं माझ्यामुळे झालं... निदान निम्मं तरी.

दोन दिवस आधी आम्ही एका नव्या डॉक्टरकडे गेलो होतो. तरुण, हुशार म्हणून नाव होतं. तेलुगू आणि इंग्रजी बोलणारा, हिंदी मोडकीतोडकी. मी इंग्रजीत सुरुवात केली. आईने मला थांबवलं आणि स्वतःच सांगितलं, "काळजात कळ येते."

"कलेजा? लिव्हर?" त्याने मला विचारलं.

मी हो म्हटलं.

मी मराठीत एम.ए. केलेलं. काळीज या शब्दाचा जुना अर्थ यकृत, हे मला माहीत होतं. खाटकाकडे कलेजी मागितली की तो काय देतो, हेही माहीत होतं. आईला खरंच काय होतंय, याचा मी त्या क्षणी विचारच केला नाही. मला शब्द ओळखल्याचा आनंद झाला होता.

पण डॉक्टर तर डॉक्टर होता ना? त्याने आईला तपासलं नाही. कुठे दुखतं, कधी दुखतं, काही विचारलं नाही. स्टेथोस्कोप गळ्यात होता, तो गळ्यातच राहिला. त्याने चिठ्ठी लिहिली आणि म्हणाला, स्कॅनमध्ये सगळं कळेल.

तर ती सकाळ. सेंटर तिसऱ्या मजल्यावर आणि वीज गेलेली. जनरेटरवर मशीन चालत होतं, लिफ्ट नाही.

आई दर दहा पायऱ्यांनी थांबत होती. कठडा धरून, तोंडाने श्वास घेत. मी वर उभी राहून म्हणत होते, "आई, चल ना गं, नंबर जाईल." एकदा नाही, तीनदा म्हटलं.

सोनोग्राफी करायला पन्नाशीच्या एक डॉक्टरबाई होत्या. जुन्या शहरातल्या, बोलणं अस्सल दखनी. आईचा जन्म निजामाच्या राज्यातला. कापडाच्या दुकानात, भाजीवाल्याशी ती आयुष्यभर हेच बोलत आलेली. आत गेल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला.

बाईंनी पोटावर जेल लावलं. पडद्यावर राखाडी ढगासारखं काहीतरी हलायला लागलं. मी पडद्याकडे बघत होते. आईकडे कोणीच बघत नव्हतं... बाई सोडून.

"अम्मा, तुमारा कलेजा तो एकदम अच्छा है. दुखता कां है? हात रखके बताओ."

आईने हात उचलला आणि छातीच्या मधोमध मूठ दाबली.

"यां?" बाईंचा हात थांबला. "कब दुखता?"

"सीढ़ियां चढ़े तो दुखता. बैठे तो जाता. अबी भी थोड़ा है."

"फिर कलेजा कायकू बोले अम्मा?"

"मैं कां कलेजा बोली? मैं काळीज बोली. हमारे में काळीज बोले तो दिल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं त्यांनी केलं. आईला उठू दिलं नाही, तिथेच झोपवून ईसीजी काढला. मग खुर्चीत बसवून दोन माणसांकडून तिन्ही मजले खाली उतरवलं आणि हृदयाच्या हॉस्पिटलात स्वतः फोन केला. त्या दिवशी तिला पायी घरी नेलं असतं तर... तिथल्या डॉक्टरांनी ते वाक्य पुरं केलं नाही.

चार दिवसांनी मी त्या पहिल्या डॉक्टरकडे गेले. भांडायलाच गेले होते. त्याने रिपोर्ट उजेडात धरला आणि म्हणाला, "लिव्हर नॉर्मल, गुड न्यूज." मी झालं ते सांगितलं. तो म्हणाला, पेशंटने क्लिअरली सांगायला हवं होतं.

तिच्याइतकं स्पष्ट त्या खोलीत कोणीच बोललं नव्हतं. मी हे त्याला ओरडून सांगितलं. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावायला लागले... पुढच्याला बोलावण्यासाठी त्याने घंटी वाजवली.

आई दहा दिवसांनी घरी आली. मला वाटलं, आता ती मला बोलणार. तिने एवढंच म्हटलं, "एवढं शिकलीस, अन् आईचं बोलणं तेवढं राहिलं की गं." आणि हसली. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली.

माणसाला हात लावायचा, कुठे दुखतं ते विचारायचं... यासाठी परदेशातून काहीही आणावं लागत नव्हतं. ते इथे होतं. ते आम्ही जुनाट म्हणून बाजूला सारत होतो, आणि या 'आम्ही'मध्ये मी पुढे होते. त्या डॉक्टरचा राग मला अजून येतो. माझा स्वतःचा त्याहून जास्त.

काही महिन्यांनी मिठाई घेऊन सेंटरमध्ये गेले, तर त्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. कुठे, ते काउंटरवरच्या मुलीला माहीत नव्हतं. तिने विचारलं, "नाव काय त्यांचं?"

मला सांगता आलं नाही. त्या दिवशी मी त्यांना नावही विचारलं नव्हतं.