थंड हाताची कासारीण

बांगडी भरायची तर आधी बाईचा हात सैल करावा लागतो, हे रतनबाईला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी शिकवायला गेलं असतं तर तिनं त्याला आल्या पावली परत पाठवलं असतं. समोरचीचा पंजा दोन्ही हातांत घ्यायचा, अंगठ्याच्या बुडाशी दाबत राहायचं, तोंडानं तिच्या माहेरची चौकशी चालू ठेवायची, आणि बाई भावजयीची कागाळी सांगण्यात रंगली की बांगडी मनगटात. दुखलं म्हणायची सोय नाही. पारनेर तालुक्यातल्या त्या गावात आणि भोवतालच्या वाड्यांत लग्नाचा चुडा भरावा तो रतनबाईनंच. ती घरं तिच्या हक्काची. सासूकडून तिच्याकडं आलेली. दुसऱ्या कासारानं त्या ओसरीवर टोपली सोडायची ती तिला विचारून, असा कासारांचा आपसातला रिवाज होता.

जिभेची मात्र भारी तिखट. "बांगडी ढिली हुतीया," असं एखादी सासुरवाशीण म्हणाली की ही म्हणायची, "बांगडी ढिली न्हाई, तूच वाळलीयास. सासूला म्हनावं, जरा तूप वाढ." सासू शेजारीच बसलेली असायची.

सत्तर सालच्या पौषात तिचे हात गार पडायला लागले. पौषात कुणाचे पडत नाहीत? बायका हसून हात पुढं करत. पण माघ गेला, शिमगा गेला, चैत्रातलं ऊन अंगणात पाय टेकू देईना, तरी रतनबाईचे हात विहिरीच्या पाण्यातून आत्ता काढल्यासारखे. पायांचं तेच. भर दुपारी सगळं गाव सावली धरून पडायचं, आणि ही खांद्यावर घोंगडी घेऊन उन्हात बसायची. आवाज घोगरा झाला, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं, फणीत केसांचे पुंजके यायला लागले. चार पावलं चालली की कुठंतरी टेकावंसं वाटायचं. बोटं अशी आखडायची की बांगडी चढवता चढवताच वाढायची. कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण काय म्हणायचं ते म्हणा, काच लागायची तिथं लागतेच.

गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणालं, खाऊन सुस्तावलीय. कुणी म्हणालं, बाहेरचं झालंय. तिचा नवरा कानिफनाथ आठवड्याचे बाजार करून बांगड्या विकायचा. मोठा गरीब माणूस. त्यानं एकदा देवऋष्याकडून अंगारा आणला, एकदा मेथीचे लाडू वळून घेतले. एका शहाण्यानं तळपायाला बिब्बा लावायला सांगितला. त्यानं पाय उतला आणि गार होता तो गारच राहिला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय. पुढच्या खेपेला कानिफनाथ उतरवून टाकायला लिंबू घेऊन आला, तेव्हा रतनबाईनं ते चिरलं आणि कालवणात पिळलं.

वैशाखात भीमा शेळक्याच्या चांगुणाचं लग्न ठरलं. चांगुणाची आई मागंच वारलेली, त्यामुळं घरात शब्द चालायचा तो भीमाच्या थोरल्या बहिणीचा, दगडाबाईचा. साखरपुड्याला घरच्या बायकांच्या बांगड्या भरायला रतनबाईला बोलावणं आलं. मान म्हणून दगडाबाई पहिली बसली. रतनबाईनं तिचा पंजा धरला आणि बांगडी सरकवली मात्र, दगडाबाईनं हात हिसकला. हिसकला म्हणूनच दोन बांगड्या वाढल्या आणि तिच्या मनगटावर रक्ताची रेघ उठली.

"भर वैशाखात असा हात?" दगडाबाई म्हणाली. "मढ्याचा हात हाय ह्यो. माझ्या चांगुणाचा चुडा ह्या हातानं भरायचा न्हाई. सुप्याचा कासार बोलवा."

ओसरीवर आठ-दहा बायका होत्या. त्यांतल्या निम्म्यांचा लग्नाचा चुडा रतनबाईनं भरलेला. एकेकीनं आपले हात पदराखाली घेतले. रतनबाईनं काचा वेचल्या, टोपलीवर फडकं बांधलं आणि ती उठली.

"मढं उठून चाललंय," ती म्हणाली. "वाट सोडा."

घरी आल्यावर मात्र तिनं दोन्ही हात काखेत धरले आणि ती घाबरली. हक्काचं एक घर सुटलं की मागोमाग दुसरं सुटतं, आणि ज्या कासारणीचा हात चुड्याला नको, तिचा संक्रांतीला तरी कोण धरतंय? पण खरी भीती त्याहून खोल होती. दगडाबाई म्हणते ते खरंच असलं तर? हातपाय आधी मेले असतील आणि आपली पाळी मागून असेल तर? हे तिनं कानिफनाथालासुद्धा सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात ख्रिस्ती वस्तीतली रेबेका तिच्याकडं आली. शांतवन मास्तरांची ही मुलगी नगरच्या एका दवाखान्यात नर्स होती. ड्यूटीवर बांगड्या चालत नसत, म्हणून सुट्टीला गावी आली की पहिल्या दिवशी मनगटं भरून घ्यायची.

"आधीच सांगते, हात गार हाय माझा," रतनबाई म्हणाली. "नको असंल तर आत्ताच ऊठ. मागनं नाक मुरडू नको."

रेबेका उठली नाही. रतनबाईनं तिचा पंजा धरला तशी तिनं उलट रतनबाईचाच हात धरला, पालथा करून बघितला, मग मनगटावर तीन बोटं ठेवली आणि स्वतःच्या घड्याळाकडं बघत ठोके मोजू लागली. गेल्या कित्येक दिवसांत रतनबाईचा हात असा कुणी आपणहून धरला नव्हता. तिला एकदम रडू आलं, आणि त्याचा तिला रागही आला.

"मावशी, भुवयांच्या टोकाचे केस कधीपासून गेले?" रेबेकानं विचारलं. मग एकेक विचारत गेली. झोप फार येते का, पोट साफ होतं का, पाळी कशी येते, कामात पूर्वीसारखी चपळाई राहिलीय का.

"बांगड्या भरायला आलीयास का माझी सोयरीक जुळवायला?" रतनबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. पण तिनं सगळं सांगितलं.

"हे बघा, इथं गळ्यात एक गाठ असते सगळ्यांनाच. थायरॉईड म्हणतात तिला," रेबेका म्हणाली. "अंगातली चूल ती पेटती ठेवते. तिचं काम मंदावलं की चूल विझायला येते. हातपाय गार पडतात, अंग जड होतं, माणूस सुस्तावतं. तुमचं तेच असावं असं मला वाटतंय. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. नगरला चला, डॉक्टरीणबाईंना दाखवू."

"म्हंजे भाईरचं काय न्हाई?"

"काही नाही."

"आन मढ्याचा हात म्हनत्यात ते?"

"मढ्याची नाडी लागत नाही, मावशी. तुमची लागतेय. हळू चाललीय, पण लागतेय."

कानिफनाथ आणि रतनबाई एस.टी.नं नगरला गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं, पावलं मागं लोंबती ठेवली आणि टाचेच्या वर एका लहानशा हातोडीनं हलकेच ठोकलं. पाऊल उडालं, पण परत जागेवर यायला त्यानं आपला सावकाश वेळ घेतला. "बघा, हे सुद्धा सुस्तावलंय," बाई म्हणाल्या. रक्त तपासायला घेतलं. दोन दिवसांनी परत बोलावलं आणि गोळ्या दिल्या. रोज सकाळी उपाशीपोटी, आधी थोड्या, मग रक्त बघून वाढवायच्या. आणि बहुतेक जन्मभर घ्यायच्या.

रतनबाईनं एकच विचारलं. "येत्या आठवड्यात माझ्या हक्काच्या घरी चुडा हाय. तवर हात ऊन हुतील?"

"आठवड्यात नाही होणार. महिना-दोन महिने धीर धरा. पण होतील."

आता बोला. दुसरी एखादी हिरमुसली असती. ही एस.टी.त खिडकीशी बसून नवऱ्याला म्हणाली, "ऐकलं न्हवं? आजार हाय. त्याला नाव हाय, औषिद हाय." नगर सोडल्यापासून सुपं येईपर्यंत तिनं ते चारदा तरी ऐकवलं.

चांगुणाचा चुडा भरायच्या दिवशी, बोलावणं नव्हतं तरी, रतनबाई जायला निघाली. कानिफनाथानं भल्या सकाळी हंडाभर पाणी तापवलं. "ह्यात हात बुडव," तो हळूच म्हणाला. "आन तिथं गेल्यावर च्याचा पेला हातात धरून बस. कुनाला कळायचं न्हाई."

क्षणभर तिला मोह झाला. मग तिनं तो हंडा उचलून न्हाणीत उपडा केला.

"मी काय चोरी केलीया?" ती म्हणाली. "आजाराला कुनी लपवतं व्हय? हात हाय तसा न्यायचा."

शेळक्यांच्या ओसरीवर सुप्याचा म्हातारा कासार गोरक्ष येऊन बसलेला होता. टोपली त्यानं सोडली नव्हती. रतनबाईला बघून तो अवघडून उठला. "बाई, निरोप आला म्हून आलो. घर तुमचं हाय. तुमी म्हनाल तसं."

"बसा, च्या घ्या," रतनबाई म्हणाली. "भरायचं मी बगते."

"हिला कुनी बोलावलं?" आतून दगडाबाईचा आवाज आला आणि मागोमाग दगडाबाई.

रतनबाई ओसरीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं दोन्ही तळवे पुढं केले. "हात गार हाय माझा. आजबी गार हाय. नगरच्या डॉक्टरनीनं बघितलाय. गळ्यातल्या गाठीचा आजार हाय, गोळ्या चालू हायेत, दोन महिन्यानं ऊन हुईल. शेकून आनला असता तर तुमाला पत्ताबी लागला नसता. पर मी असाच आनलाय. ज्यांना बगायचाय त्यांनी धरून बगा. मढं म्हनायचं असंल तर हात धरून म्हना, लांबून न्हाई."

बायका खांबाआड सरकल्या. भीमा मांडवाच्या खांबाकडं बघत राहिला. तेवढ्यात चांगुणा घरातून आली, रतनबाईच्या पुढ्यात पाटावर बसली आणि तिनं हात पुढं केला.

"आत्या, उशीर हुतोय," ती म्हणाली. "भर, मावशी."

हात हातात घेताच पोर दचकली. सगळ्यांनी बघितलं. पण तिनं हात मागं घेतला नाही. रतनबाईची बोटं आखडलेली, एकेका बांगडीला पूर्वीच्या चौपट वेळ लागत होता. तिनं माहेरची चौकशी केली नाही, की कुणाची थट्टा केली नाही. ओठ घट्ट मिटून ती एकेक हिरवी बांगडी चढवत गेली, आणि दोन्ही हातांचा चुडा भरून झाला तरी एकही वाढली नाही. चांगुणानं वाकून तिला नमस्कार केला. मग एक बाई पुढं सरकली, तिच्या मागं दुसरी. थोड्या वेळापूर्वी खांबाआड उभ्या होत्या त्याच ह्या.

दगडाबाई तेवढी राहिली. लग्नघरात सवाष्णीनं मोकळ्या मनगटानं कसं वावरायचं? ती गोरक्षाकडं वळली. गोरक्षानं टोपलीवरचं फडकं आणखी घट्ट केलं. "बाईंना इचारा," तो म्हणाला. "त्यांचं घर हाय."

दगडाबाई पाटावर बसली. "भर बाई," ती दुसरीकडं बघत म्हणाली. "गार तर गार."

रतनबाईनं तिचा पंजा दोन्ही हातांत घेतला. बांगडी उचलली नाही. नुसता धरून ठेवला. दगडाबाईनं एकदा ओढून बघितला, पण तो सुटला नाही, आणि साऱ्या बायका बघत असल्यामुळं तिला दुसऱ्यांदा ओढता येईना. तिच्या हाताची ऊब आपल्या बोटांना लागेपर्यंत रतनबाईनं तो तसाच धरला.

"सव्वादोनच्या मापाची बांगडी बसायची न्हाई आता तुमाला," मग ती म्हणाली. "हात लई जाड झालाय. अडीचची काढते."