फोटोला घातलेला हार

पहिलीच्या वर्गात माजी सैनिकांचा सन्मान करायचा असं मोठ्या बाईंनी ठरवलं आणि नेहमीप्रमाणे काम माझ्या गळ्यात पडलं. "तुमचाच मुलगा फौजेत आहे, तुम्हीच करा," म्हणाल्या. जणू शाळेचे कार्यक्रम बसवायला सोपं जावं म्हणूनच मी त्याला फौजेत धाडला होता.

नऊ दिवस त्याचा फोन नव्हता. सीमेवर कुठेतरी होता, नेमकं कुठे ते सांगत नसे. वर्गात फोन नेऊ नये हा नियम इतरांना ऐकवणारी मी, तो हातात घट्ट धरून बाराखडी शिकवत होते. मनात नको नको ते येई. कुणाशी बोलले नाही. बोललं की खरं होतं असं मला वाटतं, लोकांनी खुशाल हसावं.

मुलांनी पुठ्ठ्याची पदकं कापून त्यांवर सोनेरी कागद चिकटवला, क्रेप कागदाच्या झेंडूंचा लांबलचक हार केला. पाहुणे होते मोहने गावातले, फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार, सत्तरी ओलांडलेले. मुलांना सैनिकाचा गणवेश दाखवावा म्हणून मी घरून मुलाचा फोटो आणून टेबलावर ठेवला. तो डोळ्यांसमोर नसला की चैन पडत नव्हतं, हेही खरंच.

पाहुण्यांना आणायला फाटकापर्यंत गेले. पाच मिनिटांत परत येऊन बघते तर फोटोला हार घातलेला!

"बाई, फोटोला हारच नव्हता," पहिल्या बाकावरची मुलगी अभिमानाने म्हणाली. "आमच्या आजोबांच्या फोटोला असतो ना, तसा आम्ही घातला."

तिला काय रागावणार? दर जयंतीला फोटोला हार घालायला मीच तर शिकवलं होतं.

हवालदारांनी दाराशी चपला काढल्या, फोटोसमोर ताठ उभे राहिले आणि कडक सॅल्यूट ठोकला. मग हळूच विचारलं, "कधी गेला, बाई?"

"अहो, जिवंत आहे तो," एवढंच म्हणायचं होतं. पण ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

"माझा मुलगा आहे," मी कशीबशी म्हणाले. "नऊ दिवस फोन नाही."

त्यांचा चेहरा उतरला. झटकन त्यांनी फोटोवरचा हार काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि मुलांकडे वळले. "पोरांनो, सैनिकाला हार असा घालायचा. माणसाच्या गळ्यात!" मुलांनी टाळ्या पिटल्या आणि पदकं लावायला त्यांच्याभोवती झुंबड उडाली.

जाताना रिक्षात बसता बसता म्हणाले, "काळजी नका करू. तिकडे वर रेंज नसते. आणि वाईट बातमी अशी फोनवर नाय येत, बाई. माणसं घरी येतात सांगायला. मी स्वतः गेलेलो दोनदा."

धीर द्यायलाच बोलले बिचारे.

दोन दिवसांनी फोन आला. "आई, रेंज नव्हती गं. जेवलीस का?" मी त्याला भरपूर झापलं आणि मग रडले. हाराचं मात्र सांगितलं नाही.

आता फोन आला नाही तरी मी तितकी घाबरत नाही. पण दाराची बेल वाजली की हातातलं काम तसंच राहतं. आधी दाराच्या भिंगातून बघते. बाहेर दूधवाला दिसला की दार उघडून त्याला उगाचच चहा विचारते.