पाळणा पाहून सोयरीक

माणूस कसा आहे हे कळायला त्याच्यासोबत मीठभाकर खावी लागते म्हणतात. माझ्या एकोडीच्या मामांना तेवढा धीर नव्हता. मंडईतल्या पाळण्याची दोन तिकिटं फाटेपर्यंत ते समोरच्याची सात पिढ्यांची कुंडली मांडून मोकळे होत. दिवाळी सरली, हलका, लवकर येणारा धान कापून झाला की आमच्याकडे गावोगावी मंडया, म्हणजे जत्राच, भरतात. पाहुणे येतात, ऊस आणि शिंगाडे खातात, आणि गर्दीत हळूच लग्नाची पोरं-पोरी एकमेकांना दाखवतात. इतर लोक पोराची शेती विचारत, नोकरी विचारत. मामा त्याला पाळण्यांकडे घेऊन जात, "फिरून या, पाहुणे" म्हणत आणि पानठेल्याशी उभं राहून निरखत बसत.

त्यांचं शास्त्र पक्कं होतं. लाकडी घोड्यावर बसणारा जिथं चढला तिथंच उतरणार, पण पडणार नाही, अशा घरी पोरगी बिनघोर द्यावी. माझी मोठी बहीण अशाच एका घोडेस्वार मास्तरांना दिली आणि ती आजतागायत सुखात आहे, हे मामा दर दिवाळीला न विसरता ऐकवतात. आकाशपाळणा वर पोचल्यावर जो डोळे मिटतो, त्याला आयुष्यात सगळं मिळेल आणि काहीच दिसणार नाही. रांगेत मोठमोठ्यानं हसणारा आत बसल्यावर पहिला "रोका, रोका" ओरडतो, तो वरातीपुरता शूर. साकोलीच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा ब्रेकडान्स नावाच्या गरगर फिरणाऱ्या पाळण्यातून उतरला आणि तिथंच ओकला. मामांनी जागच्या जागी निकाल दिला, की याच्या पोटात काही राहत नाही, घरातली गोष्ट याला सांगू नका. त्या पोराचा बाप अजून मामांना पाहिलं की रस्ता बदलतो. मामी कपाळाला हात लावायची, पण तिचं कुणी ऐकत नसे.

माझ्या वेळी दोन पोरं पाहायला आली होती. पहिला आसगावचा, वरठीच्या कारखान्यात नोकरीला, तिथंच खोली करून राहणारा. मामांनी त्याला पाळण्याकडे पाठवलं. तो माझ्याकडे पाहून सरळ म्हणाला, "मले वर भेव लागते. तुम्ही बसा, मी खाली थांबतो." बाप रे, मुलीला पाहायला आलेल्या पोरानं असं सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. वरून चपला पडतात म्हणून आम्ही बहिणींनी त्या काढल्या. त्यानं त्या सगळ्या उचलल्या, माझी पर्स घेतली, अर्धवट खाल्लेल्या शिंगाड्यांची पुडीही घेतली. आम्ही उतरलो तेव्हा चार जोड ओळीनं मांडलेले होते आणि माझ्या चपला माझ्या पायांकडे वळवून ठेवल्या होत्या. एवढंच झालं. एवढ्यानं काय होतं, असं मी स्वतःला कित्येकदा विचारलं आहे. होतं, दुसरं काय.

मामांनी त्याला नापास केलं. दुसरा ब्रेकडान्समध्ये लागोपाठ तीनदा बसला. "हा कधी थांबनार नाई," मामा खुशीत म्हणाले, मला त्यालाच दिली, आणि ते अगदी खरं ठरलं. नवरा माणूस चांगला आहे, उगाच कशाला खोटं बोलू. पण नागपूर, नाशिक, पुणे, पुन्हा नागपूर, पुन्हा पुणे; एका घराच्या खिडकीचे पडदे दुसऱ्या घरात आखूड पडतात, आणि नवे शिवेपर्यंत ह्यांना तिसरी नोकरी सापडते. खोकी बांधताना मला कधी कधी त्या ओळीनं मांडलेल्या चपला आठवतात.

मामी जाऊन दोन वर्षं झाली. यंदा भाऊबीज आटोपून मी एकोडीला गेले आणि मामांना मंडईत घेऊन गेले. गुडघे दुखतात म्हणून पानठेलेवाल्यानं त्यांना खुर्ची दिली. नव्या पोरांचे निकाल ते अजून देत होते, पण आवाजात जोर नव्हता. मी सहज विचारलं, की मामा, तुम्ही स्वतः कशात बसायचे?

"मी कशातच नाई बसलो," ते म्हणाले. "मले भेव लागते. तुही मामी जिंदगीभर एकटीच बसली. तो आसगावचा पोट्टा चपला घेऊन उभा दिसला अन् मले मीच दिसलो. म्हटलं, माह्या भाचीले असा खाली उभा रायनारा नको."

मला राग आला, आणि त्या म्हाताऱ्याची मायाही आली. मग मी त्यांना सांगितलं, की मी मामीसोबत त्या पाळण्यात बसलेली आहे. वरून तलाव दिसतो, धानाच्या बांध्या दिसतात, लांबचं जंगल दिसतं; मामी त्यातलं काही पाहत नसे. ती वाकून गर्दीत मामांच्या खांद्यावरचा दुपट्टा शोधायची, आणि सापडला की म्हणायची, आता किती बी फिरवा.

मामा जमिनीकडे पाहत म्हणाले, "मंग तवाच काहून नाई बोलली व?"

"तुम्ही पाळण्याले इचारलं, मामा. मले नाई इचारलं."

त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात सुकलेल्या उसासारखा हलका झाला होता. आकाशपाळण्यात माणसं बसत होती आणि पाळणेवाला एकेक पाळणा खाली आणून भरत होता. मामांनी माझ्याकडे न पाहताच विचारलं, "कुठं असते तो पोट्टा आता?"

"वरठीलेच," मी म्हणाले. उत्तर इतक्या लवकर आलं, की आम्ही दोघंही पाळण्याकडे पाहू लागलो.