गाडीला कौल कसला

आमचे हे लॉरी चालवायचे. साठ सालाच्या आगेमागे आमच्या किनाऱ्याला लॉऱ्या अशा कितीशा होत्या! हापूसचा हंगाम सुरू झाला की यांचा पाय घरात ठरत नसे. देवगडच्या बाजूच्या बागांतून पेट्या भरायच्या, फोंडा घाट चढून कोल्हापूरला उतरवायच्या आणि येताना गुळाच्या ढेपा घेऊन तोच घाट उतरायचा. उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायची, तेवढंच तेल वाचतं, ही मालकाची शिकवण. मग सगळा भार ब्रेकवर.

आणि ब्रेक धरत नव्हता. मला हे कळलं ते आमच्या बेड्यासमोर, अंगणाच्या फाटकापाशी. दुपारी जेवायला आले तेव्हा गाडी थांबवायच्या जागी थांबलीच नाही, शेजाऱ्यांच्या दगडी गडग्याला जाऊन टेकली. हे खाली उतरले आणि चाकाखाली धोंडा सरकवला.

"पायडल खाली जाता," जेवताना म्हणाले. "दोनतीनदा दाबलंय की मगे धरता."

"मालकांका सांगलास?"

"सांगतंय."

घरात आमटीला मीठ कमी पडलं तर यांचा आवाज माडाच्या शेंड्याला पोचायचा. मालकाच्या पडवीत गेले की हेच गृहस्थ टोपी हातात घेऊन पायरीखाली उभे, आणि मान जमिनीकडे. यांच्याआधीच्या ड्रायव्हरने एकदा गाडीत दोष काढला होता. मालक त्याला म्हणाला, "गाडी बरी आसा, तुझोच हात बरो नाय," आणि दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर दुसरा माणूस. तेव्हापासून गाडीबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मला सगळं समजत होतं, तरी राग यायचा. रोज विचारायची, सांगितलंत का? रोज तेच, सांगतंय.

आमच्याकडे एका गोष्टीपुढे मात्र मालकाचंही चालत नाही, ती म्हणजे देवाचा कौल. लग्न असो, नांगरट असो, मुंबईला निघायचं असो, देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावून विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला म्हटलं की वाद संपला, का म्हणून कुणी विचारत नाही.

हंगाम ऐन भरात असताना हे एका सकाळी आजोळी जाऊन येतो म्हणून निघाले. उन्हं कलताना परतले आणि थेट मालकाकडे गेले. मीही मागोमाग गेले, मालकिणीकडे कोकमं सोलायला जायचंच होतं.

"मालकानू," हे पायरीखालून म्हणाले, "आजोळच्या देवीकडे कौल लावलंय. उजवो इलो नाय. ह्या हंगामात माका घाट चढाक नको म्हणता."

मालकाने हात जोडून कपाळाला लावले. "देवीच्या शब्दाभायर मी नाय. तू बस घराक."

मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! मालक लगेच पुढे म्हणाला, "पण गाडी बसान चलाची नाय. गाडयेक खंयचो कौल! कुणकेश्वराच्या वाटेवरचो तो पोरगो आसा, तेका बोलवा."

मी यांच्याकडे पाहिलं. आता बोलतील, निदान आता तरी. हे टोपी घडी करत उभे राहिले, मग डोक्यावर घातली आणि निघाले. वाटेत मी म्हटलं, "ब्रेकाचा?" तर म्हणाले, "तो हुशार आसा, तेका कळात." देवीचा अंगारा मागितला, तर म्हणाले विसरलो. आजोळी जाऊन हा माणूस अंगारा आणायला कधी विसरला नव्हता.

पोरगा हुशारच होता. पेट्या घेऊन नीट चढला, कोल्हापूरला पोचला. येताना गुळाने भरलेली गाडी वळणावर थांबली नाही. दरीतून त्याला वर काढायला संध्याकाळ झाली.

मालकाने सगळ्यांना सांगितलं, पोराला झोप लागली असणार. आणि आमच्या दारात माणसांची रीघ. ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, देवीने राखलं. बायका माझी ओटी भरून जात होत्या. माझा नवरा जिवंत होता, याचा मला आनंद होत होता आणि त्या आनंदाने घास उतरत नव्हता. हे दिवसभर मागच्या दारी बसून असायचे. कुणी कौलाचं नाव काढलं की उठून विहिरीवर जायचे.

तेराव्यानंतर आम्ही त्या पोराच्या घरी गेलो. त्याची बायको जेमतेम विशीची असेल, मांडीवर तान्हं मूल. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. तिने आम्हाला बसायला दिलं आणि यांना म्हणाली, "दादानू, तुमचा नशीब मोठा. देवीन तुमका सांगल्यान. आमच्या ह्येंच्यासाठी कोणी कौल लावूक नाय. माझ्याच ध्यानात येवक नाय. माझीच चूक."

हे ताडकन उठले. मला वाटलं बाहेर चाललेत. पण ते तिच्यासमोरच उभे राहिले.

"मी कौल लावकच नाय," ते म्हणाले. "देवळात गेलंयच नाय. ब्रेक धरी नाय, ह्यां माका ठावक होता."

तिने मूल मांडीवरून खाली ठेवलं.

"मगे आमच्या ह्येंका सांगूक काय झाला होता?"

यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मान जमिनीकडे गेली. मालकाच्या पडवीत उभे राहायचे तसेच हे तिच्यापुढे उभे होते, आणि ती उत्तराची वाट पाहत होती.