कॅमेरा धरणाऱ्या सिस्टर

आमच्या जोयड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टरची जागा बरीच वर्षं रिकामी होती. शेवटी सरकारने तिथे टीव्ही बसवला आणि हातात धरायचा एक कॅमेरा दिला. आता शहरातले मोठे डॉक्टर पडद्यावर येतात आणि रेंज असेल तोवर थांबतात. गर्दी मात्र दुप्पट झाली.

मी तापाने फणफणत गेलो, तेव्हा तिथल्या एकुलत्या एक सिस्टर कामात होत्या. त्यांचं नाव विचारायला सवडच मिळाली नाही. डॉक्टर म्हणाले, "पोट दाबून बघा," की त्या एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने समोरच्या म्हातारीचं पोट दाबत. मग नाव लिहिणं आणि गोळ्या देणंही त्यांच्याचकडे.

एवढ्यात जवळच्या गुंद गावच्या एका शेतकऱ्याला आणलं. कोयत्याने त्याची पोटरी चिरली होती. सिस्टरनी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी जखम दाबून धरली.

"सिस्टर, मला नुसतं छत दिसतंय," पडद्यावरून तक्रार आली.

"सर, बघाय तुमी आलासा, पण कराय मी एकटीच हाय," त्या मान न वळवता म्हणाल्या.

मग त्यांनी मानेनेच मला जवळ बोलावलं.

"दादा, त्यो कॅमेरा धरा की जरा," त्या मला म्हणाल्या.

हळूहळू रक्त थांबलं. दुपारपर्यंत मी कॅमेरा धरून उभा होतो. डॉक्टर मला 'ब्रदर' म्हणायला लागले, आणि सिस्टर सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत टेकून घोटभर पाणी प्यायल्या.