चिठ्ठी नसलेली वायर

दाजी गुरुवारी गेले. रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजली नाही.

दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वायरला नाव नसणं हे माणसाला नाव नसण्याइतकंच वाईट, असं मनापासून मानणारा माणूस सबंध कोल्हापूर जिल्ह्यात तेवढा एकच असावा, आणि तो माझ्या वाट्याला आला होता. साखर कारखान्यात वायरमन म्हणून जन्म काढून ते गडमुडशिंगीला घरी बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायचं. मिक्सरपासून देव्हाऱ्यातल्या दिव्यांच्या माळेपर्यंत त्यांच्या घरातल्या प्रत्येक वायरच्या गळ्यात सुतळीने बांधलेली चिठ्ठी असे. चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या, कारण तो कागद जाड. त्यामुळे एका बाजूला 'फ्रिज' आणि दुसऱ्या बाजूला 'सहकुटुंब सहपरिवार' असा मजकूर येई. टीव्हीच्या केबलवर मागून 'कृपया आहेर आणू नये' अशी विनंती होती. ती त्यांनी कुणाला केली होती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझी पत्नी गेली त्या वर्षी लेकीने बेंगळुरूहून हट्ट धरून माझ्या घरी इंटरनेट घेतलं. रोज दिसत जा, म्हणाली. मी ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस. हळू बोलण्याची सवय जुनी होतीच, आता बोलण्याचं कारणही उरलं नव्हतं. दूधवाल्याकडे बघून मान हलवली की माझा दिवसाचा संवाद संपे. लेक पडद्यावर दिसली तरी मी नुसतं 'हं' म्हणे. ती दाजींशी काय बोलली कोण जाणे; पुढच्याच रविवारी ते पक्कड, सुतळी आणि पत्रिकांचा गठ्ठा घेऊन मोपेडवरून हजर झाले.

"पावणं, ह्या समद्या वायरी बिननावाच्या? घर हाय का आश्रम?"

मग नामकरणं सुरू झाली. राउटरपासून संगणकापर्यंत जाणाऱ्या जाड निळ्या वायरीचं टोक त्यांनी मला उजेडात धरून दाखवलं. "आठ तारा हाईत हिच्यात. आठ भाऊ, रंग येगळं, पर एका सालीत नांदत्यात. आमच्या भावकीला दाखवाय पायजे." बाहेरून येणारी पिवळी, दोऱ्यासारखी फायबर मात्र त्यांना नवी होती. विहिरीच्या मोटारीची वायर बांधावी तशी त्यांनी ती खिळ्याला करकचून गाठ मारून बांधली, आणि नेट गेलं. आत तांबं नसून काच असते, हे दुरुस्तीला आलेल्या इंटरनेटच्या जोडणीवाल्याने सांगितल्यावर दाजींनी ती गाठ स्वतःच्या हाताने सोडवली. त्यानंतर हात धुतल्याशिवाय ते फायबरला शिवले नाहीत. "पावणं, काचंतनं उजेड जातोय आन् उजेडातनं तुमची लेक बोलती. ह्या वयात मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं."

सगळ्यांना चिठ्ठ्या मिळाल्या. राहिली ती गच्चीवरून माझ्या खोलीत उतरणारी एक काळी वायर. ती कशाची, हे ठरेना. अशा वेळी दाजींची रीत एकच: एकाने गच्चीवर वायर ओढायची, दुसऱ्याने खाली टोकावर नजर ठेवायची आणि हललं की ओरडून सांगायचं.

"हलली का?"

"हलली," मी म्हणे.

"काय ऐकू येत न्हाय. ग्रंथालय बंद झालं की आता. मोठ्यानं बोला."

"हलली!"

"आता कसं. परत एकदा बघू."

असं पंधरा-वीस वेळा. पलीकडच्या वहिनी खिडकीतून विचारत, "भाऊजी, काय हललं हो?" मग त्यांनाही उत्तर द्यावं लागे. शेवटी दाजी खाली येऊन चहा पीत आणि गंभीरपणे म्हणत, "अजून खात्री न्हाय. हिचं बघू पुढच्या रविवारी." हे दोन वर्षं चाललं. दुपारी लेकीचा फोन येईपर्यंत माझा घसा मोकळा झालेला असे. एकदा ती म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्ही किती बोलता." मी त्याचं श्रेय चहाला दिलं.

दाजींचे दिवस झाल्यावर राउटर बदलायला दुसरा एक जोडणीवाला आला. चाळिशीचा, मितभाषी माणूस. त्याने एकेक चिठ्ठी वाचली, उलटून पत्रिकाही वाचली, आणि मग ती काळी वायर हातात घेतली.

"काका, ही कशाला ठेवलीया? दोन्ही टोकं मोकळी हाईत."

"निघाली असेल कुठून तरी."

"निघाली न्हाय. जोडलीच न्हवती कधी. टोकं सोललेलीबी न्हाईत, बघा की."

मी बघितलं. टोकं कोरी होती. जन्मभर वायरमन असलेल्या माणसाला हे कळायला एक रविवारही लागला नसता.

"काढून टाकू?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, मोठ्याने.

वायर अजून आहे. तिला चिठ्ठी नाही. गच्चीवर वारा असला की खोलीतलं तिचं टोक हलतं, आणि मी तसं सांगतो.