पिल्लाचा सोमवार

कुत्रं घ्यायचं ठरलं आणि चिखले गावातल्या आमच्या घरात दोन तट पडले. सासूबाईंना वाळत घातलेल्या बोंबलांवरून कावळे आणि मांजरं हाकलणारा दांडगा कुत्रा हवा होता. मला हवं होतं ओंजळीत मावणारं पॉमेरेनियन. डहाणूत एका बाईंकडे चार पिल्लं आहेत असं कळलं, मग मला कुठला धीर निघतोय! नवऱ्याला अर्ध्या चहावरून उठवून स्कूटर काढायला लावली.

तिथे कोपऱ्यात झोपलेल्या सगळ्यात इवल्या पिल्लावर मी भाळले. बाई म्हणाल्या, झोपाळू नको, आपणहून जवळ येणारं बघा. मी टाळी वाजवली तशी तांबूस रंगाची एक पोर धावत आली आणि माझी ओढणी दातांत धरून ओढायला लागली. डोळे स्वच्छ आहेत का, चाल सरळ आहे का, सगळं नीट तपासलं. पण खरं सांगते, ओढणी धरली तेव्हाच माझं ठरलं होतं.

हिला तर कावळाच उचलून नेईल, घरी आणल्यावर सासूबाई म्हणाल्या. आठ दिवस बघू, नाहीतर परत. मी मात्र हवेत होते. एवढ्याशा जिवाला उपाशी राहणं झेपत नाही, दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पिल्लांसाठीचं डब्यातलं तयार खाणं भिजवून भरवायची, रोज केस विंचरायची, पलंगावरून उडी मारून पाय मोडेल म्हणून गादीच जमिनीवर आणली. नवऱ्याने कपाळावर हात मारला.

सातवा दिवस श्रावणी सोमवार. सकाळचं भरवून, पुढचं सासूबाईंवर सोपवून मी डहाणूला कामावर गेले. संध्याकाळी परतले तर पिल्लू ओल्या फडक्यासारखं पडलेलं. मान धरवत नव्हती. डॉक्टर फोनवर म्हणाले, साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा, ऊब द्या आणि लगेच घेऊन या. मी धावत साखरेचं पाणी करून आणलं. सासूबाईंनीच बोट बुडवून चोळलं, तिला पदरात गुंडाळलं. जरा वेळाने तिने जीभ फिरवली, मग शेपूट हलली. मला नाचावंसं वाटलं.

आणि लगेच राग उसळला. तुम्हाला ती नकोच होती ना, उद्या परत देऊन येते, मी बोलून गेले.

सासूबाई पदर तिच्याभोवती नीट करत म्हणाल्या, "अगं, घरात सगळ्यांचाच सोमवार. आणि त्या डब्यावर कोंबडीचं चित्र. हिला एकटीला उपास मोडायला कसा लावू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. हसू आलं, रडूही आलं. सात दिवस मी त्यांना पटवत होते, आणि त्यांनी तिला घरच्यांसारखा सोमवार धरायला लावला होता.

नवऱ्याने रिक्षा आणली. मी पिल्लू घ्यायला हात पुढे केले, पण सासूबाईंनी ते काही माझ्याकडे दिलं नाही.